जबाब कोण कुणाला देतं?

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक मंगळूरच्या आंटी राहतात. लग्न होऊन ठाण्यातल्या उथळसरला आल्या त्याला पन्नास वर्षं झाली. दर काही आठवड्यांनी, शनिवारी संध्याकाळी, त्या घराची किल्ली माझ्याकडे देतात आणि म्हणतात, "कुमसाराला जाऊन येते गं." माझी आई "देवळात जाऊन येते" म्हणायची, अगदी त्याच सुरात. मग छत्री काखेत धरून तलावपाळीच्या दिशेने चालू लागतात. मासुंदा तलावाकाठचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च हे त्यांचं चर्च.

कुमसार म्हणजे चर्चमध्ये फादरपाशी आपलं पाप सांगणं. हा शब्द मला त्यांच्याकडूनच कळला. कोकणी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी तो रोजचा आहे. पोर्तुगीज क्रियापद 'कोन्फेसार' कोकणी जिभेवर घोळून घोळून त्याचं कुमसार झालं. इंग्रजीतला 'कन्फेशन' त्याचाच चुलत भाऊ. दोघांचं मूळ लॅटिनमध्ये, आणि तिथे त्या धातूचा अर्थ उघडपणे मान्य करणं, बोलून दाखवणं असा आहे.

हे सगळं आता लिहायला बसले त्याला एक कारण घडलं. मी परदेशी मालिकांचे मराठी संवाद लिहिते. एका मालिकेत एक म्हातारी बाई चर्चमध्ये जाते. सुनेवरच्या रागापोटी तिने सुनेची पत्रं नातवापर्यंत पोहोचू दिलेली नसतात आणि ते ओझं तिला आता उचलवत नाही. ती लाकडी जाळीसमोर गुडघे टेकते आणि पहिलं वाक्य बोलते. मी लिहिलं होतं, "फादर, मला पापनिवेदन करायचंय." ध्वनिमुद्रणाच्या दिवशी कागद हातात आला तेव्हा वाक्य बदललेलं होतं: "फादर, मला कबुलीजबाब द्यायचाय." पापनिवेदन कुणाला कळणार नाही, असं मला सांगण्यात आलं. काचेपलीकडे उभी असलेली आवाजाची कलाकार गुणी आहे, अनेक वर्षं या कामात मुरलेली. पण तो शब्द उच्चारताना तिचा आवाजच बदलला. दबका झाला, घाबरा झाला, चौकीत बसवलेल्या माणसासारखा. तिची यात काही चूक नव्हती. शब्दाने तिला जिकडे नेलं तिकडे ती गेली. पत्रं लपवणारी आजी ऐकणाऱ्याच्या कानात खुनाची आरोपी झाली.

पुढच्या शनिवारी मी आंटींना हे सांगितलं. त्या किल्ली देता देता थांबल्या. "जबाब? तिथे मला कोण काय विचारतंय? मीच सांगते."

त्यांच्या या एका वाक्यात माझं सगळं म्हणणं येतं. 'कबुलीजबाब' या शब्दाची जागा पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात आहे. चर्चमधल्या त्या जाळीसमोर जे घडतं त्याला तो शब्द लावणं चुकीचं आहे, आणि ती चूक निव्वळ भाषांतराची राहत नाही. तो शब्द शेजाऱ्याच्या श्रद्धेबद्दल आपलं मत बनवतो.

मराठीत कबुलीजबाब कुठे भेटतो ते पाहा. सकाळचं वर्तमानपत्र उघडा, आतल्या पानावर गुन्ह्याची बातमी असते: पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली. हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचलं आहे की डोळा त्यावरून घसरून जातो. पण 'खाक्या' या शब्दात काय काय आलं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक असतं. त्यात भीती असते, मार असू शकतो, रात्रभर जागवून ठेवणं असू शकतं. आणि जबाब हा तर कोणीतरी विचारलेल्या प्रश्नाचाच असतो. जबाब घेतात, जबाब नोंदवतात, जबाबावर सही घेतात. ही सगळी क्रियापदं समोरच्याची आहेत, बोलणाऱ्याच्या वाट्याला फक्त 'देणं' येतं.

खुद्द कायद्याचाही अशा कबुलीवर भरवसा नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ प्रमाणे पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नसे. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला, तरी हा नियम कलम २३ मध्ये कायम आहे. कबुली नोंदवायचीच तर ती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर. त्यानेही आधी बजावून सांगायचं असतं की, बाबा, तू कबुली द्यायला बांधलेला नाहीस आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. थोडक्यात, कबुलीजबाब हा ज्याच्या तोंडून येतो त्याच्यावरच उलटू शकणारा शब्द आहे. दीडशे वर्षं कायदा आपल्याला त्यापासून सावध करत आला आहे.

आता आंटी जिथे जातात तिथली गोष्ट. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत एका शनिवारी पाऊल मुरगळलं म्हणून त्यांनी मला सोबत नेलं. आठ-दहा माणसं बाकांवर बसून होती. एक कॉलेजातला मुलगा, ऑफिसची बॅग मांडीवर घेतलेली एक बाई, दोन म्हाताऱ्या. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. बाजूच्या भिंतीला लागून ते लाकडी कपाटासारखं दिसणारं आसन, त्यात बसलेले फादर, त्यांच्या गळ्यात जांभळा पट्टा. आंटींनी पर्स माझ्या हातात दिली, पदर डोक्यावर घेतला आणि दुखऱ्या पायाने कशाबशा गुडघ्यावर बसल्या. जाळीला तोंड इतकं जवळ नेलं की कपाळ लाकडाला टेकलं. तीनचार मिनिटं. मला एक अक्षर ऐकू आलं नाही, फक्त पाठ दिसत होती. मग त्या उठल्या, पहिल्या बाकावर जाऊन पुन्हा गुडघ्यावर बसल्या आणि फादरनी सांगितलेल्या प्रार्थना म्हणू लागल्या. येताना जांभळी नाक्यावर त्यांनी भाजी घेतली, आणि भावाची घासाघीसही केली. घरी पोहोचेपर्यंत त्या विषयावर एक शब्द नाही. मीही विचारलं नाही.

त्या तीनचार मिनिटांचं कागदपत्र कुठेही होत नाही. सही नाही, नोंद नाही. ऐकणाऱ्याला ते कधीही, कुणालाही, कुठल्याही कारणाने सांगता येत नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेप्रमाणे हे गुपित थेट फोडणारा धर्मगुरू त्या कृत्यानेच बहिष्कृत होतो, वेगळा निवाडा लागत नाही. शिवाय सांगणं हा त्या संस्काराचा एक भाग आहे. आधी मनापासून वाटलेला पश्चात्ताप हवा, मग सांगणं, मग क्षमेचे शब्द आणि भरपाई म्हणून दिलेली प्रार्थना किंवा काम. म्हणजे नुसतं 'कन्फेशन' म्हटलं तरी आपण चार अंगांपैकी एकाच अंगाचं नाव घेतो. कबुलीजबाब म्हटलं की तेवढंही उरत नाही, कारण चौकीतल्या कबुलीनंतर क्षमा येत नाही, कोठडी येते.

मग मराठीत म्हणायचं काय? कबुली हा शब्द टाकूनच द्यावा असं मी म्हणत नाही. अरबीतून आलेला 'कबूल' मराठीत इतका मुरला आहे की त्याला परका म्हणवत नाही. त्याचा मूळ अर्थ स्वीकारणं. शेतसाऱ्याच्या काळात रयत कबुलायत लिहून देत असे. आणि मुंब्र्यातल्या निकाहाला गेलात तर वधू-वर 'कबूल' म्हणतात तेव्हा त्यात गुन्ह्याचा वास औषधालाही नसतो. मराठी बायबलातही 'आपली पातके एकमेकांजवळ कबूल करा' असंच वाक्य आहे, आणि येशूला प्रभू म्हणून मुखाने 'कबूल' करण्याची भाषाही आहे. तेव्हा 'कबूल करणे' हे क्रियापद निर्दोष आहे. बिघाड होतो तो त्याला 'जबाब' चिकटला की.

बायबलातल्या त्या दुसऱ्या अर्थाकडेही पाहायला हवं, कारण तो आपल्या कानावरून निसटतो. पाश्चात्त्य भाषांत या शब्दाला दोन तोंडं आहेत. एक, पाप मान्य करणं. दुसरं, श्रद्धा उघड मान्य करणं, मग राजा समोर असो की काझी. सुरुवातीच्या चर्चमध्ये 'कन्फेसर' ही पदवी अशा माणसाला मिळे, ज्याने छळ सोसून श्रद्धा सोडली नाही पण ज्याचा जीव वाचला. हे आमच्या ठाणे शहराला फार दूरचं नाही. १३२१ साली तोलेंतीनोचा थॉमस आणि त्याचे तीन साथीदार असे चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले, तेही काझीसमोर आपली श्रद्धा स्पष्ट बोलून दाखवल्यामुळे. त्यांचा जीव गेला म्हणून ते हुतात्मे. वाचले असते तर त्यांनाच कन्फेसर म्हटलं असतं. आता इथे कबुलीजबाब लावून पाहा, श्रद्धेचाच गुन्हा होऊन बसतो. श्रद्धेच्या बाबतीत मराठी ख्रिस्ती माणूस 'साक्ष देणं' म्हणतो, ते किती नेमकं आहे.

पापाच्या बाबतीत पापनिवेदन हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो. निवेदन आणि नैवेद्य एकाच धातूचे. नवविधा भक्तीतली नववी पायरी आत्मनिवेदन, हे कीर्तनाला गेलेल्या कुठल्याही मराठी माणसाला सांगावं लागत नाही. जे आहे ते उघडं करून समोर ठेवणं, हातचं काही राखून न ठेवता. ख्रिस्ती संस्काराचा अर्थ या शब्दातून मराठी कानाला आपोआप कळतो, तळटीप लागत नाही. आक्षेप एक आहे आणि तो खरा आहे: जिल्हाधिकाऱ्यांना देतात ते पण निवेदनच, आणि कार्यक्रमात माइक धरून बोलतात ते पण निवेदन. पण ते निवेदन 'देतात', हे निवेदन 'करतात'. मराठी माणूस हा भेद विचार न करताही पाळतो. आणि कुमसाराला तर आंटी नुसत्या 'जातात'. देणं नाही, घेणं नाही.

आपल्या परंपरांत या कृतीला शब्द नव्हते असंही नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापातून सुटण्याचे मार्ग सांगताना पहिला शब्द येतो तो 'ख्यापन', म्हणजे आपलं पाप लोकांना सांगणं. त्यानंतर अनुताप, तप, अध्ययन. शब्द चांगला आहे. पण त्याच ग्रंथात एकाच अपराधाची शिक्षा जातीप्रमाणे कमीजास्त होते, आणि १९२७ साली महाडला त्याची होळी झाली ती उगाच नाही. तिथून शब्द उसना आणायला माझं मन घेत नाही. 'प्रायश्चित्त' या शब्दाचंही मराठीत असंच झालं आहे. १८९० साली पुण्याच्या ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून केवढं ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचं वादळ, उठलं. टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताचा विषय टाळता आला नाही. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं तेव्हा त्यांच्याच सुधारक मित्रांना वाईट वाटलं. त्या प्रायश्चित्तात मनात काय आहे हे कुणी विचारत नव्हतं, जातीत परत घेण्यापुरता विधी उरकायचा होता. म्हणून ख्रिस्ती लोक प्रायश्चित्त संस्कार म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात जे असतं ते, आणि आपल्या आजोबांच्या पिढीने त्या शब्दाखाली जे पाहिलं ते, यांत खूप अंतर पडतं.

या सगळ्यात मला खरा आनंद दिला तो जैनांच्या शब्दाने. टेंभी नाक्याच्या जैन मंदिरापाशी पर्युषणात गर्दी असते, आणि संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' हा संदेश ठाण्यातल्या जैनेतरांच्याही फोनवर येतो. माझं दुष्कृत्य निष्फळ होवो, असा त्याचा अर्थ. पण त्याच्या कितीतरी आधीची एक पायरी आहे, 'आलोचना'. आपण आज हा शब्द टीका या अर्थाने ऐकतो, तोही बहुधा हिंदी बातम्यांत. जैन शास्त्रात आलोचना म्हणजे शिष्याने गुरूसमोर बसून स्वतःचा दोष स्वतः सांगणं. तत्त्वार्थसूत्रात प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार मोजले आहेत आणि त्यातला पहिला हाच. तो स्वतःकडे बोट दाखवणारा शब्द होता, आपण त्याचं बोट दुसऱ्याकडे वळवलं. तलावपाळीपासून टेंभी नाका चालत दहा मिनिटं. दोन्हीकडे माणसं एकच अवघड गोष्ट करायला जातात.

"शब्दाने काय बिघडतं, अर्थ पोहोचला ना?" असं मला ध्वनिमुद्रणाच्या त्या दिवशी विचारण्यात आलं. काय बिघडतं ते २०१८ च्या जुलैमध्ये दिसलं. केरळमधल्या काही धर्मगुरूंवर आरोप झाला की एका महिलेने पापनिवेदनात सांगितलेल्या गोष्टीचा वापर तिच्यावर दबाव आणून तिचं शोषण करण्यासाठी केला गेला. आरोप अत्यंत गंभीर होता. त्यानंतर राष्ट्रीय महिला आयोगाने शिफारस केली की चर्चमधली ही प्रथाच बंद करावी. त्या दिवसांत माझ्या ओळखीतले कितीतरी सुशिक्षित लोक म्हणत होते, "बरोबर आहे, बायकांकडून जबाब कसले घेता?" त्यांच्या डोळ्यांपुढे चौकशीची खोली होती. पापनिवेदन म्हणजे एका पुरुषाने एका बाईची उलटतपासणी करणं, असं एकदा मनात ठसलं की बंदी हा एकमेव शहाणपणाचा उपाय वाटतो.

त्या बाईवर अन्याय झाला असेल तर तो गोड शब्दाखाली झाकायचा का, असं कुणी विचारेल. माझं उत्तर याच्या नेमकं उलट आहे. चुकीच्या शब्दाने तिची तक्रार बोथट होते. जबाब फुटतात, याचं आपल्याला आश्चर्य वाटेनासं झालं आहे. तपास चालू असतानाच जबाबातल्या ओळी वाहिन्यांवर झळकतात आणि आपण चहा पीत त्या पाहतो. तेव्हा 'जबाब फोडला' यात कुणाला धक्का बसत नाही. पण जे फक्त देवापुढे ठेवलं होतं, ज्याच्या गुप्ततेसाठी त्या धर्माने स्वतःच्या पुरोहितावर सर्वांत कडक दंड ठेवला आहे, ते एखाद्याने उचलून त्या बाईविरुद्ध शस्त्रासारखं वापरलं असेल, तर तो कुठल्या थराचा विश्वासघात आहे हे पापनिवेदन म्हटल्यावरच कळतं. मधली जाळीसुद्धा आठवावी. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांनी ते लाकडी आसन आणि त्यातली जाळी रूढ केली, आणि त्यामागचं एक मोठं कारण पुरोहित आणि निवेदन करणारी स्त्री यांच्यात आडोसा राहावा हेच होतं. चर्चच्या आजच्या कायदेसंहितेतही उघड्या जागी, मध्ये पक्की जाळी असलेलं आसन ठेवायला सांगितलं आहे. म्हणजे धोका त्या लोकांना चारशे वर्षांपूर्वीच कळला होता. आज विचारायला हवं ते हे की ती जाळी कुठे पाळली जाते, कुठे नाही, आणि पाळली गेली नाही तर बाईने दाद कुणाकडे मागायची. हे प्रश्न प्रथेवर सरसकट बंदी मागण्यापेक्षा अवघड आहेत, पण तिच्या उपयोगाचे आहेत.

एका ठिकाणी मात्र मी आंटींशीही सहमत नाही, आणि हे त्यांना सांगून झालं आहे. आपल्या कायद्यात पती-पत्नीमधल्या आणि वकील-अशिलामधल्या बोलण्याला संरक्षण आहे. धर्मगुरूपाशी केलेल्या निवेदनाला तसं संरक्षण नाही. उलट बालकांच्या लैंगिक शोषणाबाबत पॉक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं की ज्याला अशा गुन्ह्याची माहिती असेल त्याने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. धर्मगुरूंना सूट नाही, आणि नसावी असंच मला वाटतं. लेकरू आणि गुपित यांत निवड करायची वेळ आली तर मी लेकराच्या बाजूने उभी राहीन. आंटींचं म्हणणं असं की गुपिताची खात्री गेली तर तो माणूस फादरपाशी येणारच नाही, आणि त्याला "जा, पोलिसांत स्वतः हजर हो" असं सांगणारा शेवटचा माणूसही हरवेल. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मला नाकारता येत नाही. माझं मत तरीही बदललेलं नाही. पण हा वाद आम्ही दोघी जिन्यात उभ्या राहून अर्धा तास घालू शकलो, कारण आम्ही कशाबद्दल बोलतोय हे दोघींना नेमकं ठाऊक होतं.

बातम्या लिहिणाऱ्यांना, शालेय पुस्तकांच्या भाषांतरकारांना आणि माझ्या व्यवसायबंधूंना माझी विनंती एवढीच आहे. ख्रिस्ती माणसाबद्दल लिहिताना पापनिवेदन लिहा. कोकणी बोलणारं पात्र असेल तर त्याच्या तोंडी कुमसारच ठेवा, पुढच्या वाक्यातून अर्थ कळतो. 'कन्फेशन' लिहिलंत तरी चालेल, तो शब्द आता सर्वांना कळतो, मात्र कॉलेजातल्या मुलांच्या तोंडी 'कन्फेस करणं' म्हणजे प्रेम सांगून टाकणं हेही ध्यानात ठेवा. आणि शंका आली तर शेजारी विचारा. ठाण्यात असं घर शोधायला फार लांब जावं लागत नाही.

परवा पुन्हा असाच एक प्रसंग हातात आला. दुसरी मालिका, दुसरं पात्र, तीच जाळी. ओठांची हालचाल छोटी होती, पापनिवेदन त्यात बसत नव्हतं. मी जिन्याने खाली गेले आणि आंटींना विचारलं की तिथे बसल्यावर अगदी पहिलं वाक्य त्या काय म्हणतात. त्यांनी सांगितलं, कोकणीत. मी वर आले आणि लिहिलं, "फादर, माझं पाप सांगायला आलेय." या वेळी ते कुणी बदललं नाही.